फौज गेली, तलाठी राहिला

९ एप्रिल २००३ रोजी बगदादच्या फिरदौस चौकातला सद्दाम हुसेनचा पुतळा अमेरिकन फौजेने साखळी बांधून खाली ओढला, ते दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी घरच्या टीव्हीवर पाहिले आहे. लोक पुतळ्यावर चपला मारत होते. हुकूमशहा गेला, आता लोकशाही येणार, असे तेव्हा सांगितले जात होते. त्याआधी दोन वर्षे अफगाणिस्तानात तालिबानला हुसकून लावले गेले होते. तिथे वीस वर्षे परकी फौज राहिली, राज्यघटना झाली, निवडणुका झाल्या आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी तेच तालिबान काबूलच्या राजवाड्यात येऊन बसले. २०११ साली लिबियात गडाफीचा शेवट झाला, पुढच्याच वर्षी लोकांनी उत्साहाने मतदान केले आणि २०१४ पासून त्या देशाची दोन शकले होऊन आपसांत लढत राहिली.

ही उदाहरणे समोर ठेवून शहाणी माणसे दोन टोकांची मते देतात. एक पक्ष म्हणतो, लोकशाही बाहेरून आणता येत नाही, ती ज्याच्या त्याच्या मातीतूनच उगवावी लागते. दुसरा म्हणतो, मग जर्मनी आणि जपानचे काय? १९४५ साली पराभूत होऊन परक्या फौजेच्या टाचेखाली गेलेले हे दोन देश आज उत्तम लोकशाही देश आहेतच ना? दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे शोधायला मात्र मला बगदादला जावे लागत नाही. मी बँकेच्या नोकरीत काही वर्षे भोर आणि वेल्ह्यात काढली. फौजेवाचून राज्य बदलले त्याची गोष्ट तिथेच ऐकली. आणि फौजेने बदलले त्याच्या दोन गोष्टी आपल्या मराठी माणसाच्या अगदी उंबरठ्यावरच्या आहेत, मराठवाड्याची आणि गोव्याची.

आधी भोरची. शंकराजी नारायण सचिवांपासून चालत आलेले हे पंतसचिवांचे संस्थान. त्याचे तालुके किल्ल्यांच्या आणि मावळांच्या नावांनी ओळखले जात : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि घाटाखालचा सुधागड. विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा, हे मावळातल्या वाचकांना सांगायला नको. वेल्हे तालुक्याचे नाव नुकतेच राजगड झाले, तेव्हा पुष्कळांना ते नवे वाटले. पण संस्थानी दप्तरात राजगड नावाचा तालुका होताच. भोरचे पंतसचिव हुकूमशहा होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण राज्य एकाचे होते, आणि त्याच्या पाठीशी इंग्रजांची सार्वभौम सत्ता उभी होती, एवढे खरे. परकी सत्ता राजे उलथते तशी ती राजे टिकवतेही. ऐंशीच्या दशकात इराणशी लढणाऱ्या सद्दामला मदत करणारे देश आणि २००३ मध्ये त्याला उलथणारे देश पुष्कळसे तेच होते, हे विसरू नये.

इंग्रज गेले तेव्हा हा आधार निखळला. दक्षिणी संस्थानांत प्रजापरिषदांच्या चळवळी विसाच्या दशकापासून चालू होत्या. शेजारच्या औंधच्या राजाने तर १९३९ सालीच गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना करून गावपंचायतींच्या हाती कारभार दिला होता. अखेर ८ मार्च १९४८ रोजी भोरसह दक्षिणेतली बहुतेक संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. एक गोळी झाडावी लागली नाही.

वेल्ह्याकडच्या एका वाडीत मी पीककर्जाच्या वसुलीला गेलो असताना एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला या दिवसाविषयी विचारले होते. हे १९८८-८९ चे असावे. ओटीवर नाचणी वाळत घातली होती. तो म्हणाला, "सायेब, पंतांचं राज ग्येलं ते आमाला ठावंच न्हाय पडलं. तलाठी त्योच व्हता, चावडी तीच व्हती, सारा बी तेवढाच." मग जरा थांबून म्हणाला, "कळलं ते पेट्या आल्या तवा. एकेका उमेदवाराची येगळी पेटी, वर चित्र. आन् रांगेत माज्या मागं कोन उबा? तर पंतांचा कारकून! त्येला म्हनलं, रावसाहेब, तुमी फुडं व्हा. त्यो म्हनला, न्हाय, तुझा लंबर आदी."

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत खरोखरच प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तिच्यावर चिन्हाचे चित्र असे. म्हाताऱ्याला उमेदवार आठवत नव्हते, निकाल आठवत नव्हता. त्याला आठवत होता तो आपला नंबर. राजसत्ता संपल्याचा पुरावा त्याला मिळाला तो त्या रांगेत, आणि तोही तलाठी जागेवर असताना मिळाला. ही दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. संस्थानाचा दरबार गेला, पण गावचे दप्तर जळले नाही. कुणाची जमीन कुठे, बांध कुठला, कूळ कोण, याची नोंद शाबूत राहिली. म्हणून तर १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांना अर्थ आला. दप्तरच नसते तर कूळ असल्याचे कुणी सिद्ध केले असते? माझ्या टेबलावर कर्जासाठी येणाऱ्या सातबाऱ्यांत या कायद्याने मालक झालेल्यांचे उतारे कितीतरी असत. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याच्या मताला गावात किती वजन असते, हे बँकेत बसणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

कुणी म्हणेल, भोर हे तर सामोपचाराचे उदाहरण झाले. जिथे राजा सही करायला तयार नव्हता तिथे काय? तिथे हैदराबाद आहे. निजामाने भारतात यायचे नाकारले, रझाकारांनी मराठवाड्यातल्या गावोगाव धुमाकूळ घातला, आणि १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज आत शिरली. १७ तारखेला निजामाने शस्त्रे खाली ठेवली. दरवर्षी त्या दिवशी मराठवाड्यात झेंडावंदन होते. पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. फौजेच्या पाठोपाठ उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांच्या कत्तली झाल्या. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार इतका दिला, आणि तो अहवाल कित्येक वर्षे प्रसिद्धच झाला नाही. चार-पाच दिवसांची, सहज झालेली म्हणून जी कारवाई आपण सांगतो तिची ही किंमत होती, आणि ती ज्यांनी मोजली त्यांची नावे आपल्या झेंडावंदनात येत नाहीत.

तरीही हैदराबादेत लोकशाही रुजली, हेही खरे. का रुजली? फौज येण्याआधी दहा वर्षे तिथे स्वामी रामानंद तीर्थांची आणि स्टेट काँग्रेसची चळवळ होती. तुरुंगात गेलेली, गावागावांत माणसे असलेली. लोक मुक्तीची वाट पाहत नुसते बसलेले नव्हते, ते तिच्यासाठी आधीच लढत होते. दुसरे, जनरल चौधरींचा लष्करी अंमल सव्वा वर्षात संपला. तिसरे, १९४९ मध्ये जहागिरी गेल्या आणि पुढच्याच वर्षी कुळांचा कायदा आला. चौथी गोष्ट तर नवलाचीच. तेलंगणातले कम्युनिस्ट भारतीय फौजेशी बंदुका घेऊन लढत होते. त्यांनी १९५१ च्या अखेरीस लढा थांबवला आणि १९५२ ची निवडणूक लढवली. त्यांच्या आघाडीचे रवी नारायण रेड्डी नलगोंड्यातून लोकसभेवर गेले, ते पंडित नेहरूंपेक्षाही जास्त मते घेऊन. कालपर्यंत ज्याच्यावर गोळ्या झाडल्या त्याला आज संसदेत बसू देणे, हे कोणत्याही विजयी फौजेला जड जाते. ते इथे घडले.

आणि आता गोवा. आपल्या प्रश्नाला याहून जवळचे उदाहरण जगात क्वचितच सापडेल. सालाझार हा अस्सल हुकूमशहा. त्याच्या राज्यात गोव्यातल्या माणसाला सभा घेता येत नव्हती, लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून आणावी लागे. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. लोहियांनी सभा घेऊन ही कोंडी फोडली. १९५५ मध्ये पुण्यातून सत्याग्रहींच्या तुकड्या निघाल्या, ना. ग. गोरे पहिल्या तुकडीबरोबर गेले आणि त्यांनी पोर्तुगीजांचा तुरुंग भोगला. पुण्याच्या गोवा विमोचन सहायक समितीचे अध्यक्ष होते केशवराव जेधे, म्हणजे भोरजवळच्या कारी गावच्या कान्होजी जेध्यांच्या घराण्यातले. त्या वर्षी १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. शेवटी डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौज गेली आणि १९ तारखेला गोवा मोकळा झाला. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा सालाझारचा हुकूम होता. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी तो मानला नाही आणि शरणागती दिली.

जगाने तेव्हा टाळ्या वाजवल्या नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत पाश्चात्य देशांनी भारताला आक्रमक म्हटले. रशियाने नकाराधिकार वापरला म्हणून ठराव बारगळला. म्हणजे आज आपण बगदादबद्दल जे प्रश्न विचारतो, तेच प्रश्न तेव्हा आपल्याला विचारले गेले होते. त्यांना खरे उत्तर आपल्या वकिलांनी न्यूयॉर्कमध्ये दिले नाही, ते पुढे गोव्यातल्या मतदारांनी दिले.

१९६२ च्या जूनमध्ये लष्करी अंमल संपला. त्याच वर्षी पंचायतींच्या निवडणुका झाल्या. डिसेंबर १९६३ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली, आणि ज्या काँग्रेसच्या सरकारने फौज पाठवली होती तिला तीसपैकी अवघी एक जागा मिळाली, तीही दमणची. गोव्यात शून्य! मुक्तिदात्याला मतदारांनी घरी पाठवले आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. दिल्लीने ते मुकाट्याने मान्य केले. एक गंमत लक्षात घ्या. खुद्द पोर्तुगालच्या जनतेला खऱ्या अर्थाने मत देता आले ते एप्रिल १९७५ मध्ये, त्यांच्याच सैनिकांनी एप्रिल १९७४ मध्ये हुकूमशाही उलथल्यानंतर. पोर्तुगीजांच्या गुलामाने मालकाच्या आधी बारा वर्षे मतदान केले.

मग आली १६ जानेवारी १९६७ ची जनमतचाचणी. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हायचा की नाही? माझ्या लहानपणी घराघरांतून या चाचणीविषयी हळहळ ऐकू येई. आपण सत्याग्रही पाठवले, आपण लाठ्या खाल्ल्या, आपलीच भाषा, आपलीच दैवते. आणि गोवेकरांनी ३४,०२१ मतांच्या फरकाने नको म्हणून सांगितले. महाराष्ट्राला ते लागले. पण आज मागे वळून पाहिले की वाटते, गोव्यात लोकशाही रुजली याचा सर्वांत पक्का पुरावा हा नकारच आहे. ज्याने सोडवले त्याला 'आभारी आहोत, पण तुमच्या घरात येत नाही' असे सांगता आले, आणि सांगणाऱ्याचे काही वाकडे झाले नाही. त्याहून पुढची गोष्ट अशी की दोनच महिन्यांनी त्याच मतदारांनी विलीनीकरण मागणाऱ्या बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले. प्रश्न वेगळा, उत्तर वेगळे. इतका सुजाण मतदार पाच वर्षांपूर्वीपर्यंत सालाझारच्या राज्यात राहत होता, यावर विश्वास बसत नाही.

आक्षेप मला दिसतो. गोवा आणि हैदराबादला भारत परका कुठे होता? भाषा एक, सोयरिकी एक, देव एक. अमेरिकन सैनिकाला बगदादच्या आजीबाईशी चार शब्द बोलता येत नव्हते. हा फरक मोठा आहे आणि मी तो नाकारत नाही. पण नुसत्या जवळिकीने भागत नाही, याचेही उदाहरण आपल्याच शेजारी आहे. बांगलादेशात भारतीय फौज १९७१ च्या डिसेंबरात जिंकली आणि मार्च १९७२ मध्ये परतली. भाषा, चळवळ, लोकप्रिय नेता, सगळे होते. तरी जानेवारी १९७५ मध्ये शेख मुजीबांनी एकपक्षीय राजवट आणली आणि ऑगस्टमध्ये त्यांच्याच लष्करातल्या लोकांनी त्यांची हत्या केली. उलट, जपानी माणसाला अमेरिकन सैनिक कमी परका नव्हता. पण जपानात १८९० पासून संसद होती, निवडणुकांची सवय होती आणि कारभाराची यंत्रणा शाबूत होती. नवी घटना त्या चौकटीत बसवली गेली. इराकमध्ये मात्र अमेरिकन प्रशासक पॉल ब्रेमर यांनी मे २००३ मध्ये दोन हुकूम काढले : एकाने बाथ पक्षाशी संबंधित वरच्या थरातल्या नोकरांना घरी बसवले, दुसऱ्याने सगळे सैन्य बरखास्त केले. म्हणजे गावचा तलाठीही काढला आणि फौजदारही काढला. आणि पगार बंद झालेले लाखो लोक, तेही बंदुका चालवायला शिकलेले, रस्त्यावर सोडून दिले. तिथे २००५ पासून निवडणुका होत आल्या आहेत, ही जमेची बाजू मी मोडीत काढत नाही. पण २०१९ मध्ये बेकारी आणि भ्रष्टाचाराविरुद्ध रस्त्यावर आलेली शेकडो तरुण मुले त्याच निवडून आलेल्या सरकारच्या काळात गोळ्यांना बळी पडली.

आम्हा बँकवाल्यांची एक जुनी खोड असते. कर्जवाटपाचा मेळावा, हार-तुरे, फोटो यांवर आमचा विश्वास नसतो. आम्ही पाहतो तो हप्ता. पहिला नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा. लोकशाहीचेही असेच आहे. पुतळा पाडणे हा कर्जवाटपाचा मेळावा झाला. माझ्या मते पाहायचे ते पुढचे. फौज येण्याआधी त्या लोकांची स्वतःची चळवळ होती का? राजा गेल्यावर गावचे दप्तर, कचेरी, न्यायालय उभे राहिले का? कसणाऱ्याच्या हाती काही आले का? फौज ठरल्या वेळी परत गेली का? आणि सर्वांत शेवटी, सोडवणाऱ्याच्या विरुद्ध मत देता आले का, आणि ते मानले गेले का? गोव्याने ही कसोटी पार केली. मराठवाड्याने मोठे दुःख पोटात घालून पार केली. काबूलमध्ये पहिल्या प्रश्नाचेच उत्तर कच्चे होते. बांगलादेशने शेवटच्या प्रश्नावर मार खाल्ला. मत देता आले, पण ज्याच्या हाती सत्ता गेली त्याने ते पुढे मागितलेच नाही.

म्हणून लोकशाही बाहेरून येऊ शकते का, याला माझे उत्तर असे : अडथळा बाहेरून दूर होऊ शकतो, आणि कधी कधी तो बाहेरूनच दूर होतो. सालाझार सत्याग्रहाने गेला नसता. पण रुजण्याचे काम चावडीवर होते, आणि ते कुठल्याही फौजेला करता येत नाही.

हे लिहिताना मला भोर-वेल्ह्याचीच काळजी वाटते, बगदादची नव्हे. या दोन तालुक्यांनी धरणांसाठी किती दिले ते पाहा. भाटघरचे पाणी इंग्रजी अमदानीत अडवले गेले आणि ते खाली बारामती-फलटणकडे गेले. पानशेत, वरसगाव, गुंजवणी, नीरा देवघर ही स्वतंत्र भारतातली. जमिनी दोन्ही काळांत बुडाल्या. फरक एवढाच, की नंतरच्या धरणग्रस्ताला तहसील कचेरीवर मोर्चा नेता येतो, आमदार बदलता येतो, पाच वर्षांनी जाब विचारता येतो. हा 'एवढाच' फरक म्हणजेच लोकशाही. आणि तोच आपण हातचा घालवत आहोत की काय, असे वाटते. मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची आणि पंचायत समित्यांची मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे लोकांनी निवडलेले कुणी नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते. कुठली परकी फौज आली नव्हती, कुणी हुकूमशहा बसला नव्हता. न्यायालयात प्रश्न अडकला होता, एवढेच. पण या काळात जिल्ह्यात किती लोकांना काही चुकल्यासारखे वाटले? २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे उघड झाले, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाला तिथली निवडणूकच रद्द करावी लागली. बोली लावणाऱ्यांना यात गैर वाटले नव्हते. पैसा देवळालाच जाणार होता ना!

पुण्या-मुंबईत राहणाऱ्या आणि गावाकडे मत असणाऱ्या वाचकांना एक विनंती. जगातल्या हुकूमशहांवर चर्चा जरूर करा, मीही करतो. पण आपल्या गावची पुढची ग्रामसभा केव्हा आहे ते विचारा. तिला गणपूर्ती लागते ती गावच्या मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर जण, यांत जे कमी असेल ते. तेवढीही माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे आपण गेलो नाही तरी ठराव होतो. तो कोणता झाला, हे वर्षातून एकदा तरी चावडीवर जाऊन वाचून या.